हे पुढे घ्यायचं

४ जानेवारी

चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्या कंपनीकडून दर वर्षी एक डायरी येते. मी ती मागच्या टेबलावर नेऊन ठेवायचो आणि ही ती वापरायची. यंदाही सवयीने नेऊन ठेवली. काउंटरवर परत येऊन बसल्यावर लक्षात आलं की आता ती कोरीच राहणार. कोरी डायरी वर्षभर तिथे बघणं मला जमणार नाही, म्हणून मीच लिहायला घेतली आहे. लिहिण्यासारखं असेल तेव्हा लिहीन.

‘ही’ म्हणजे माझी बायको. ऑक्टोबरात गेली. आजारपण लांबलं नाही, फार त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

आमचं दुकान लहान आहे. रस्त्याच्या बाजूला काउंटर, मधे डोळे तपासायची खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, आणि मागे पडद्याआड एक टेबल. दुरुस्तीला आलेला चष्मा पाकिटात घालून वर नाव आणि काम लिहायचं, हे हिचं काम. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याच टेबलावर ही कादंबरी लिहायची. लिहिते हे मला माहीत होतं. काय लिहिते ते मी विचारलं नाही. मी कादंबऱ्या वाचत नाही. विचारलं असतं तर वाचावीही लागली असती.

१२ जानेवारी

टेबलाखालचं खोकं मुलीने मागितलं. त्यात कादंबरी आहे. एका बाजूने लिहिलेले कागद, प्रत्येक प्रकरणाला एक क्लिप, अशी गड्डी. पानांवर नंबर नाहीत. प्रकरणांना नाव नाही.

मुलगी म्हणाली, “बाबा, हे याच क्रमाने होतं का?”

मी म्हटलं, “नाही. नोव्हेंबरात मी आवरलं. खोक्याचं झाकण लागत नव्हतं. जाड गठ्ठे खाली घातले, बारीक वर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत बसून हसायला लागली, ते थांबेना. “म्हणजे आईची कादंबरी तुम्ही उंचीप्रमाणे उभी केलीत. शाळेच्या रांगेसारखी.”

झाकण आता नीट लागतं. हे मी बोललो नाही.

मुलगी शाळेत शिकवते. पुस्तकं छापणाऱ्या एका बाई तिच्या ओळखीच्या आहेत. त्यांना दाखवते म्हणाली. मी हो म्हटलं.

२९ जानेवारी

पुस्तकवाल्या बाई आज दुकानात आल्या. त्या संपादक आहेत. मला वाटलं होतं कोणी वयस्कर असतील, पण माझ्या मुलीच्याच वयाच्या निघाल्या. मला काका म्हणाल्या. त्यांना कादंबरी छापायची आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत सगळं तयार झालं तर यंदा, नाहीतर पुढचं सांगता येत नाही, कारण त्यांचे मालक दुकान गुंडाळायच्या गोष्टी करत असतात.

“लेखन पक्कं आहे, काका. एक शब्द बदलायचा नाही. अडलंय ते क्रमाशी.”

मी म्हटलं, “त्यात काय अडायचं? आधी झालं ते आधी.”

“घडण्याचा क्रम वेगळा आणि सांगण्याचा क्रम वेगळा. तुम्ही संध्याकाळी घरी गेल्यावर दिवसभरात काय झालं ते सांगता, तेव्हा काय सकाळपासून सांगता?”

“मी सांगतच नाही.”

मुलगी पडद्याजवळ उभी होती. ती म्हणाली, “हे खरं आहे.”

बाईंनी मला थोडक्यात समजावलं. कादंबरीत एक बाई आहे. तिला नाव नाही, सगळीकडे नुसतं ‘ती’. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवतो. संसार, मुलीचा ताप, वर राहणारी भाडेकरू, असं सगळं आहे. मधेच एकदा ती घर सोडून जाते आणि दुसऱ्या गावी एका खोलीत राहते. नंतर परत आलेली आहे, ते एका प्रकरणातल्या अर्ध्या ओळीवरून कळतं. येण्याचं प्रकरण नाही. जाण्याचं मात्र आहे.

“ते जाण्याचं प्रकरण कुठे ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे,” बाई म्हणाल्या. “पहिलं ठेवलं तर तो वाचणाऱ्याला पडलेला प्रश्न होतो. शेवटी ठेवलं तर तेच उत्तर होतं. मधे ठेवलं तर आणखी एक प्रसंग. कागद तेच, पुस्तकं तीन.”

मी म्हटलं, “फ्रेम बदलली म्हणून नंबर बदलत नाही.”

“चेहरा बदलतो ना पण.”

हे मला पटलं. लोक नंबरासाठी येतात आणि आरशासमोर तासभर उभे राहतात ते फ्रेमसाठीच.

जाताना बाईंनी जाण्याचा गठ्ठा काढून दाखवला. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने हिच्या अक्षरात लिहिलं आहे: ‘हे पुढे घ्यायचं.’ सगळ्या कादंबरीत क्रमाबद्दल हिने एवढंच लिहून ठेवलं आहे.

“म्हणजे झालंच की,” मी म्हटलं.

दोघी एकदम म्हणाल्या, “हो.” मुलगी म्हणाली, “शेवटी.” बाई म्हणाल्या, “पहिलं.”

३० जानेवारी

काल दोघी काउंटरशी उभ्या राहून वाद घालत होत्या. गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

मुलीचं म्हणणं, पुढे म्हणजे नंतर. पुढे बघू, पुढे सांगते. आई सारखं पुढे बघू म्हणायची. बाईंचं म्हणणं, पुढे म्हणजे पुढच्या बाजूला. खुर्ची पुढे घ्या, ताट पुढे घ्या. घ्यायचं असेल तर ओढून पुढेच आणणार, मागे कसं नेणार?

आज मुलीने शब्दकोश आणला. दोन्ही अर्थ आहेत, एकाखाली एक. तिने तो मिटून काउंटरवर जरा जोरातच ठेवला.

मला दोघींचंही पटतं, ही माझी अडचण आहे.

२ फेब्रुवारी

कादंबरी वाचतो आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. सगळ्या गठ्ठ्यांना मी आपल्या सोयीसाठी नावं दिली आहेत. लग्न, वरची, ताप, खोली, चादर, आणि जाणं. आणखीही आहेत.

पाटीवाला फार कमी बोलतो. हिने एके ठिकाणी लिहिलं आहे, ‘दिवसभर तो दुसऱ्यांची अक्षरं काढतो आणि घरी येईपर्यंत त्याच्याजवळ एकही अक्षर उरत नाही.’ वाक्य चांगलं आहे. असा नवरा मिळणं मात्र कठीणच. दुसरीकडे तो दोन डबे हातात धरून बायकोला विचारतो, हा रंग बरा की तो? ती ‘दोन्ही सारखेच’ म्हणते, कारण त्याने आधीच ठरवलेलं असतं आणि विचारणं ही त्याची नुसती सवय. हे वाचून मला हसू आलं. हिला असा माणूस कुठे भेटला कोण जाणे. चौकात पूर्वी एक पाटीवाला बसायचा, दाढीवाला. तोच असावा.

संध्याकाळी मुलीला तसं म्हटलं. ती म्हणाली, “चौकातला?”

“हो. तो दाढीवाला.”

ती उठली. मग म्हणाली, “चहा टाकते.”

५ फेब्रुवारी

आमच्याकडे एक जुनं गिऱ्हाईक आहे, निवृत्त पोस्टमास्तर. ते खूप वाचतात, म्हणून दर वर्षी नंबर बदलतो असं त्यांना वाटतं. तपासताना मी त्यांना सहज विचारलं, कादंबरीची सुरुवात महत्त्वाची की शेवट?

“मी आधी शेवटचं पान वाचतो,” ते म्हणाले. “कोण मेलं, कोण राहिलं, ते एकदा कळलं की मग निवांत वाचता येतं.” मग त्यांना एकदम हिची आठवण झाली असावी. तपासायच्या फ्रेममध्ये त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते. “म्हणजे आपलं असं, पुस्तकापुरतं.”

मी म्हटलं, “हरकत नाही. आता सांगा, हे बरं दिसतं की ते?”

“सारखंच.”

सारखंच दिसायला लागलं की थांबायचं असतं. नंबर बदललेला नव्हता.

८ फेब्रुवारी

जाण्याचं प्रकरण मधेच ठेवू, असं मी म्हटलं, त्यावरून मुलीशी थोडी बाचाबाची झाली. बाचाबाची म्हणजे ती बोलली.

ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला ते प्रकरण मधे का हवंय?”

“मधेच घडलं म्हणून.”

“मधे ठेवलं की कोणाच्या लक्षात येणार नाही. ताप आला, पाटी रंगवली, घर सोडून गेली, चादर धुतली. आई तशी गेली नव्हती.”

“कादंबरीतली ती गेली. आई कुठे गेली?”

“मी आठवीत होते, बाबा.”

“ते होय. ताईकडे गेली होती. ताईची कंबर धरली होती.” ताई म्हणजे हिची मोठी बहीण.

“किती दिवस?”

“असतील काही आठवडे. जास्त असतील.”

“मला डबा कोण द्यायचं?”

“मी.”

“काय द्यायचात?”

“पाव.”

“रोज?”

“कधी कधी बिस्किटंही दिली आहेत.”

ती हसली, पण लगेच तोंड फिरवून पर्स आवरायला लागली. म्हणाली, “मी फक्त एवढंच म्हणते की आईने ते प्रकरण शेवटी घ्यायला सांगितलंय. पुस्तक मिटताना ती गेलेली असू दे. निदान पुस्तकात तरी कोणाला ते कळू दे.”

तिला काय म्हणायचं होतं ते मला नीट समजलं नाही. समजावून सांग म्हणणं बरं दिसलं नसतं.

९ फेब्रुवारी

ताईंना फोन केला. ‘पुढे’चा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, “अहो, मी काय सांगणार? आमच्याकडे सगळंच पुढे असायचं आणि काहीच व्हायचं नाही.”

मग मी म्हटलं, “तुमची कंबर त्या वेळी किती दिवस धरली होती हो?”

“माझी कंबर?”

“ही तुमच्याकडे राहायला आली होती तेव्हा.”

फोनवर काही ऐकू येईना. लाईन गेली असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

“हो, हो,” त्या म्हणाल्या. “कंबर. बरेच दिवस होती.” आणि मग म्हणाल्या, “तुम्ही जेवता ना वेळेवर?”

वय झालं की आठवायला वेळ लागतो.

१३ फेब्रुवारी

सगळे गठ्ठे वाचून झाले. फक्त जाणं राहिलं आहे. बाईंनी त्याची प्रत करून मूळ कागद परत पाठवले, तेव्हापासून ते काउंटरच्या खणात आहेत. रोज म्हणतो, पुढे वाचू.

‘चादर’ मला सगळ्यात आवडलं. त्यात काही घडत नाही. वाळलेल्या मोठ्या चादरीची पाटीवाला आणि ती गच्चीवर घडी घालतात. दोन टोकं त्याच्या हातात, दोन तिच्या. एकमेकांकडे चालत यायचं, टोकं द्यायची, परत मागे जायचं. ‘त्या खोलीत चादरीची एकटीने घडी करताना तिला हनुवटीची मदत घ्यावी लागायची,’ एवढ्याच ओळीवरून कळतं की ती परत आली आहे. आम्हीही चादरींच्या घड्या तशाच करायचो. सगळेच करतात.

आता मीही हनुवटी लावतो.

एक गोष्ट सहज जाणवली. कादंबरीत सगळीकडे ‘ती’ आहे आणि मी इथे ‘ही’ लिहितो. ‘ही’ म्हणायला माणूस हाताच्या अंतरावर असावं लागतं. नसलं तरी माझ्याकडून तेच लिहिलं जातं.

१७ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद होतं. मुलीला बोलावलं. म्हटलं, वाद नको, आपण तपासून बघू. चष्म्याच्या बाबतीत मी कधी ‘चांगलं दिसतं का’ असं विचारत नाही. त्याला लोक काहीही उत्तर देतात. एक काच लावायची, काढायची, दुसरी लावायची आणि विचारायचं, हे बरं की ते? एवढ्या प्रश्नाला माणूस खोटं उत्तर देऊ शकत नाही.

ती तपासायच्या खुर्चीत बसली. “डोळा झाकू का एक?”

“कान दोन्ही उघडे ठेव.”

मी आधी ‘चादर’चं शेवटचं पान वाचलं, पुस्तक इथे संपतं असं धरून. मग खणातून ‘जाणं’ काढलं. मी ते पहिल्यांदाच वाचत होतो. मोठ्याने वाचायची मला सवय नाही, तक्त्यावरची अक्षरं सोडली तर.

ती पिशवी भरते. मुलीच्या वहीला कव्हर घालून ठेवते. पाटीवाला खाली पडवीत एक मोठी पाटी रंगवत बसलेला असतो, पाठमोरा. ती त्याच्या मागे उभी राहते. म्हणते, येते मी. तो म्हणतो, हं. ती थांबते. तो आता वळेल असं तिला वाटतं. तो एका अक्षराचा काना ओढत असतो आणि काना मधे सोडता येत नाही. मग तो न वळता म्हणतो,

“दार ओढून घे, धूळ बसते.”

हे मी वाचलं आणि माझा आवाज मला दुकानात ऐकू आला. रोज ऐकू येतो तसाच. मुलीने मान वळवून दुकानाच्या दाराकडे बघितलं.

मी म्हटलं, “ओल्या रंगावर बसते म्हणून.”

“हो, बाबा.”

पुढचं पान वाचलं. ती एसटीत बसते. खिडकीची काच वर सरकत नाही. गाडी हलते. संपलं.

मी विचारलं, “हे बरं की ते?”

तिचे डोळे भरले होते. डोळ्यांत पाणी असताना नंबर घेत नाहीत, चुकीचा येतो. म्हणून मी कागद क्लिपमध्ये घातले आणि तपासणी थांबवली. मुलगी म्हणाली, “तुम्हाला काय वाटलं?” मी म्हटलं, “दार ओढून घे असं कोणीही म्हणतं.”

१८ फेब्रुवारी

आज गिऱ्हाइकं आली. दार उघडं राहिलं की माझ्या तोंडून ते वाक्य निघतंच. आज प्रत्येक वेळी ओठांपर्यंत येऊन अडलं. एका बाईंनी आपणहून दार लावलं आणि म्हणाल्या, “धूळ बसते ना काचांवर.” लोकांनाही पाठ झालं आहे.

ताईंकडे जायला ही निघाली ती सकाळ आठवून बघतो आहे. मी चष्म्याची एक दांडी बसवत होतो. स्क्रू इतका बारीक असतो की मान वर केली की हरवतो.

ही परत आली तो दिवस तर आठवतच नाही. खूप प्रयत्न केला. एवढंच आठवतं की कोणाचे तरी डोळे तपासत होतो आणि पडद्याआडून पाकिटांचा आवाज आला. म्हणजे ही येऊन टेबलाशी बसली होती. मी पडदा बाजूला केला होता की नाही, सांगता येत नाही. गिऱ्हाईक होतं.

२१ फेब्रुवारी

बाईंचा फोन आला. आठवडा उरला आहे. म्हणाल्या, “काका, हक्क तुमचे आहेत. मी माझं मत सांगितलंय, पण तुम्ही म्हणाल तसं छापू. फक्त ठरवा.”

मी म्हटलं, तिने लिहिलंय तसंच करायचं आहे मला. तिने काय लिहिलंय एवढंच कळत नाही.

२२ फेब्रुवारी

एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला बारीक स्क्रू हवा होता. नेहमीच्या डबीत नव्हता. थांबलेल्या कामांचा ट्रे बाहेर काढला. एखाद्या कामाचं सामान आलेलं नसलं की ते पाकीट त्या ट्रेमध्ये जातं. कधी कधी त्यात जुने स्क्रू सापडतात.

ट्रेच्या तळाशी एक पाकीट होतं. हिचं अक्षर. नावाच्या जागी ‘घरचं’. कामाच्या जागी ‘उजवी बिजागरी तुटली’. आणि कोपऱ्यात, पेन्सिलीने, ‘हे पुढे घ्यायचं’.

मी बराच वेळ ते पाकीट हातात धरून उभा होतो. गिऱ्हाइकाने विचारलं, “सापडला का?”

हे वाक्य माझं आहे. दुकान नवीन होतं तेव्हा मीच सुरू केलं. आज होणार नाही, सामान नाही, नंतर हातात घेऊ, एवढाच त्याचा अर्थ. हिने ते माझ्याकडून उचललं आणि इतकी वर्षं पाकिटांवर लिहिलं. मी रोज ते बघतो, पण वाचत नाही. नुसता हात जातो. तेच कादंबरीच्या कागदावर दिसलं तेव्हा मला ते वाङ्मय वाटलं. शब्दकोशापर्यंत गेलो आम्ही.

म्हणजे पहिलंही नाही आणि शेवटीही नाही. तिने ठरवलंच नव्हतं. सामान आलं नव्हतं.

पाकिटात हिची तपकिरी फ्रेम होती. ती तुटल्यावर ही जुना चष्मा लावायची, कागद लांब धरून लिहायची. मला वाटायचं हिला जुनाच आवडतो.

२३ फेब्रुवारी

ट्रेचा एक नियम आहे, तोही माझाच. पुढे घ्यायचं म्हणून ठेवलेलं काम दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर सगळ्यात आधी हातात घ्यायचं. नव्या कामाच्याही आधी. नाहीतर ते कायमचं राहतं.

हे कसं राहिलं, माहीत नाही. घरचं होतं म्हणून राहिलं.

सकाळी दिवा लावला आणि आधी तेच घेतलं. बिजागरीला जोडता येईल असा तुकडा माझ्याजवळ होता. तो आधीही होता. चष्मा पुसून मागच्या टेबलावर ठेवला.

मग काल काय वाटत होतं ते नीट मांडून बघितलं. जाण्याचं प्रकरण मधे ठेवलं तर ती गेलीच नाही असं होतं. मला तसंच वाटत आलं आहे. शेवटी ठेवलं तर ती आली नाही असं होतं, आणि ती आली होती. आली, टेबलाशी बसली, इतकी वर्षं पाकिटं लिहिली. पहिल्या पानावर ठेवलं तर वाचणाऱ्याला माहीत असेल की ती गेली आहे. मग लग्न असो, ताप असो, वरची भाडेकरू असो, प्रत्येक पानावर त्याचं अर्धं लक्ष दाराकडे राहील. चादरीच्या त्या ओळीपर्यंत.

तेव्हा मी वाट पाहिली नाही. ताई आजारी आहे, बरी झाली की ही येईल, असं धरून मी दांड्या बसवत होतो. वाचणाऱ्याने तरी तिची वाट पाहावी.

बाईंना फोन करून सांगितलं. “पहिलं. पण तुम्ही म्हणता म्हणून नाही.”

“मग?”

“दुकानाची पद्धत आहे.”

२४ फेब्रुवारी

मुलीला सांगायचं होतं, फोनवर नको वाटलं. तिच्या घरी गेलो. पाकीटही नेलं.

तिने ते वाचलं आणि मांडीवर ठेवलं. “हे काय आहे, बाबा? चष्म्याचं पाकीट?”

मी सगळं सांगितलं. ट्रेचा नियम, पहिलं पान, वाट पाहणं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “तुम्ही एका दमात इतकं कधी बोलला नव्हतात.”

“तुला शेवटी हवं होतं.”

“मला कोणाला तरी कळायला हवं होतं.” तिने पाकिटावरून बोट फिरवलं. “पण मग ती परत आली ते प्रकरण? ते कुठेच नाही. वाचणारा विचारेल.”

“ते तिने लिहिलं नाही. बहुतेक माझ्यासाठी थांबली असेल. मला विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.”

“ती दुपारी आली होती, बाबा. मी शाळेतून आले तर ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. पिशवी हातात. मी म्हटलं, आत का नाही जात? म्हणाली, तुझे बाबा तपासतायत, झाल्यावर जाते.”

मी विचारलं, “किती वेळ उभी होती?”

“ते मला माहीत नाही. मी आले तेव्हा उभीच होती.”

निघताना तिने मला डबा दिला. म्हणाली, “पाव नाहीये.”

२५ फेब्रुवारी

पोस्टमास्तर दुरुस्तीला दिलेला चष्मा न्यायला आले. “अहो, दार उघडं राहिलंय,” म्हणाले.

मी म्हटलं, “असू दे.”

दिवसभर उघडंच ठेवलं. काचांवर धूळ बसली. संध्याकाळी पुसली.